गोदीच्या भिंतीवरचा परका शिंपला

1967 साली विशाखापट्टणम बंदराच्या आतल्या भागात एक अनोळखी शिंपला दिसू लागला. धक्क्याच्या खांबांवर आणि जहाजांच्या तळांवर तो घोसाघोसांनी चिकटलेला असे. आकाराने बोटाच्या पेराएवढा, जेमतेम अडीच सेंटिमीटर. कवच पातळ, एका टोकाला निमुळतं, रंग मळकट तपकिरी. कोवळ्या शिंपल्यांवर मात्र गडद नागमोडी पट्टे. शिंपला उघडून निमुळत्या टोकात पाहिलं की आत एक इवलीशी पडदी दिसे, कोपऱ्यात बसवलेल्या फळीसारखी. कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्या हिरव्या कवचाच्या शिंपल्यांत अशी पडदी नसते. हा त्यांच्या कुळातला नव्हताच.

बाकी वागणं शिनाण्यांसारखंच. हा प्राणी पायातून चिवट धागे सोडतो आणि जे मिळेल त्याला स्वतःला बांधून घेतो. खांब भरला की दुसऱ्या शिंपल्याच्या पाठीवर, तीही भरली की तिसऱ्याच्या. महिन्याभरात तो वयात येतो आणि मादी एका वेळी हजारो अंडी सोडते. गोड्या पाण्याच्या जवळपास जाणाऱ्या मचूळ पाण्यापासून ते समुद्राहून खारट पाण्यापर्यंत सगळं त्याला चालतं. गटाराचं पाणी मिसळलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या कोपऱ्यांतही तो तग धरतो. बंदरांत नेमके असेच कोपरे असतात.

आंध्र विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ गणपती आणि त्यांचे सहकारी लक्ष्मण राव व वर्गीस यांनी 1971 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दोन पानी टिपण छापून या शिंपल्याची ओळख पटवली. त्यांनी वापरलेलं नाव होतं काँजेरिया सॅली. पुढे ते मायटिलॉप्सिस सॅली असं बदललं. याचं मूळ घर म्हणजे अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातला किनारा, मेक्सिकोचं आखात आणि कॅरिबियन समुद्राचा भाग. तिथून विशाखापट्टणम म्हणजे अर्ध्या पृथ्वीचा प्रवास. 1971 च्याच डिसेंबरात 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी याच बंदराच्या तोंडाशी बुडाली आणि साऱ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. ती हकिकत शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या पाणबुडीच्या चार वर्षं आधी जे बंदरात शिरलं आणि आजतागायत बाहेर पडलेलं नाही, त्याची दखल मात्र प्राणिशास्त्राच्या नियतकालिकांबाहेर फारशी कुणी घेतली नाही. मला हा प्रसंग आपल्या किनाऱ्याच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग वाटतो, म्हणून तो सविस्तर सांगायचा आहे.

रायपूरच्या भनपुरीत, लोखंडाच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे सगळं फार दूरचं वाटेल. भनपुरीपासून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण विशाखापट्टणमचं बंदर बांधलं गेलं ते याच मुलखासाठी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. नागपूर जिल्ह्यातलं मनसर आणि कांद्री, भंडाऱ्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाटमधलं भारवेली या गावांच्या आसपास काळा, जड दगड निघू लागला आणि युरोप-अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांना तो हवा होता. अडचण वाहतुकीची होती. हा माल मुंबईला किंवा कलकत्त्याला न्यायचा म्हणजे रेल्वेचं भाडंच मालाच्या किमतीच्या बरोबरीला येऊन बसायचं. मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधल्या अफाट प्रदेशाला स्वतःचं बंदर नव्हतं. बंगाल-नागपूर रेल्वेने मग रायपूरहून पूर्व घाटातून थेट किनाऱ्याकडे उतरणारा मार्ग पुरा करायचं मनावर घेतलं. रायपूर-विजयनगरम हा मार्ग 1931 मध्ये पूर्ण झाला. शेवटाला बंदरही तयार होत होतं. डॉल्फिन्स नोज नावाच्या डोंगराच्या आडोशाला पसरलेली दलदल खणून, गाळ उपसून, दगडांनी भरलेली दोन जुनी जहाजं समुद्रात बुडवून त्यांचा बांध घालून एक आतलं, सगळीकडून झाकलेलं बंदर घडवलं गेलं. 7 ऑक्टोबर 1933 रोजी तिथे पहिलं जहाज लागलं. त्याचं नाव 'जलदुर्गा', आणि ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचं होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजींसोबत 1919 मध्ये उभी केलेली हीच ती देशी कंपनी. पुढे 1941 मध्ये वालचंदांनी जहाजबांधणीचा कारखानाही इथेच काढला आणि 1948 मध्ये 'जलउषा' हे जहाज इथूनच पाण्यात उतरलं.

स्वातंत्र्यानंतर लोहखनिजाचा काळ आला. जपानचे पोलाद कारखाने खनिज शोधत होते आणि बस्तरमधल्या बैलाडिलाच्या डोंगरात जगातलं उत्तम खनिज होतं. 1958 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाने तिथे खाण उघडली, किरंदुलपासून अरकूच्या घाटातून कोत्तवलसापर्यंत नवा रेल्वेमार्ग घातला गेला आणि साठच्या दशकाच्या अखेरीस बैलाडिलाचं खनिज विशाखापट्टणमच्या धक्क्यावर येऊ लागलं. त्याच सुमारास नौदलाचाही या बंदरावर भर वाढला. 1968 मध्ये पूर्व नौदल कमांड तिथे उभी राहिली आणि सोव्हिएत रशियाकडून घेतलेली 'कलवरी' ही आपली पहिली पाणबुडी दूरच्या समुद्रांतून फेरी मारून त्याच वर्षी तिथे दाखल झाली. झाकलेलं पाणी, वाढती वर्दळ, जगभरातून येणारे जहाजांचे तळ. एखाद्या चिवट परक्या जिवाला रुजायला याहून सोयीची जागा कुठली?

जहाजातून जीव येतात कसे, हे इथे नीट सांगायला हवं. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

पहिली वाट तळाची. लाकडी गलबतांच्या काळापासून दर्यावर्दी या त्रासाशी झगडत आले. पाण्याखालच्या फळीवर आधी बारीक शेवाळ धरतं, मग बार्नॅकल, मग कालवं आणि शिंपले. तळ खडबडीत झाला की जहाज मंदावतं. वेळोवेळी गलबत कोरड्यावर ओढून तळ खरवडावा लागे. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 1750 मध्ये बांधलेली कोरडी गोदी या कामासाठी आशियाभर नावाजली. पुढे तिथे सागवानाची जी मोठी जहाजं झाली त्यांच्या तळावर तांब्याचे पत्रे मारले जात, कारण तांब्यावर जीव सहज धरत नाहीत. 1817 मध्ये मुंबईत बांधलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे.

दुसरी वाट पोटातली. रिकामं जहाज समुद्रात डोलतं, उलटण्याची भीती असते, म्हणून त्याच्या तळाशी वजन भरतात. शिडाच्या जहाजांत दगड, वाळू, माती भरत. पोलादी आगबोटी आल्यावर पाणी भरू लागले, कारण पाणी पंपाने भरता येतं आणि पंपानेच सोडता येतं. माल उतरवलेल्या बंदरात पाणी भरायचं आणि माल चढवायच्या बंदरात ते सोडून द्यायचं. या पाण्यासोबत गाळ, अंडी, अळ्या, सूक्ष्म वनस्पती सगळं येतं. खनिज निर्यात करणाऱ्या बंदराला तर हे पाणी सर्वांत जास्त मिळतं, कारण तिथे जहाजं रिकामी येतात आणि भरून जातात. आपण दगड पाठवतो आणि बदल्यात दुसऱ्याच्या बंदरातलं पाणी आपल्या बंदरात ओतून घेतो. व्यापाराच्या कुठल्याच हिशेबात हे पाणी धरलं जात नाही.

विशाखापट्टणमचा शिंपला तळाला चिकटून आला असो की पोटातल्या पाण्यातून, जहाजानेच आला यात शंका नव्हती. तिथून मुंबईला यायला त्याला फार दिवस लागले नाहीत. मुंबईच्या नौदल गोदीत नेव्हल केमिकल अँड मेटलर्जिकल लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा होती. पुढे ती अंबरनाथला गेली. या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ कारंडे वर्षानुवर्षं एकाच कामात गढलेले होते. जहाजांच्या तळावर कोण कोण धरतं, कुठल्या महिन्यात धरतं, किती वेगाने वाढतं, हे तपासायचं. त्यासाठी लाकडाच्या किंवा धातूच्या फळ्या दोरीने गोदीच्या पाण्यात सोडून ठेवतात, ठरावीक दिवसांनी वर काढतात, आणि फळीवर जमलेला एकेक जीव मोजून त्याची नोंद करतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटेल. पण मुंबईच्या पाण्यात कुठली बार्नॅकल आहेत, कुठली कालवं आहेत, पावसाळ्यात खारटपणा उतरला की कोण मरतं आणि कोण वाचतं, हे ज्याला अशा नोंदींमुळे ठाऊक असतं, त्यालाच एखाद्या सकाळी वर आलेल्या फळीवर नवखा जीव दिसला तर खटकतं. कारंडे आणि मेनन यांनी 1975 मध्ये कोचीन विद्यापीठाच्या सागरविज्ञान विभागाच्या पत्रिकेत लेख लिहिला आणि शीर्षकातच या शिंपल्याला भारतीय बंदरांतला नवा स्थलांतरित म्हटलं.

मुंबईत त्याने गोदीचं पाणी धरलं. उघड्या खडकांवर, लाटांच्या माऱ्यात त्याचं फारसं चालत नाही. कोळणी जिथे ओहोटीला कालवं फोडायला जातात त्या खडकांवर तो झपाट्याने पसरला नाही, ही मुंबईची नशिबाची बाजू. पण बंद गोद्यांत, धक्क्यांच्या आतल्या कोपऱ्यांत, नांगरून पडलेल्या जहाजांवर त्याचे थर जमत गेले. एकदा त्याचा थर बसला की स्थानिक बार्नॅकलना आणि कालवांना टेकायला जागा उरत नाही. पाणी खेचणाऱ्या नळांत तो वाढला की नळ चोंदतात. नौदलाची जहाजं गोदीत महिनोन्महिने उभी असतात, त्यामुळे त्यांना हा जाच व्यापारी जहाजांहून जास्त. दोन्ही किनाऱ्यांमध्ये ये-जा करणारीही तीच. म्हणूनच विशाखापट्टणमचा शिंपला मुंबईला युद्धनौकांनी आणला असं मला वाटतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तो जपान, हाँगकाँग, तैवान, सिंगापूर अशा आशियाई बंदरांत एकामागून एक दिसत गेला.

याच शिंपल्याची दुसऱ्या एका बंदरातली गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ती वाचताना जीव हळहळतो.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात भरती-ओहोटीचा फरक जवळजवळ आठ मीटरचा असतो. म्हणून तिथल्या खासगी बोटींसाठी बांधलेल्या छोट्या गोद्यांना दरवाजे आहेत. दरवाजा लावला की आतलं पाणी आत राहतं. सप्टेंबर 1998 मध्ये जीवशास्त्रज्ञांनी या गोद्यांची पाहणी केली होती आणि तिथे काय काय आहे याची यादी केली होती. मार्च 1999 च्या अखेरीस तेच पाणी पुन्हा तपासताना पाणबुड्यांना कलन बे नावाच्या गोदीत एक नवा शिंपला दिसला. सहा महिन्यांपूर्वीच्या यादीत तो नव्हता. आता मात्र एका चौरस मीटरला वीस हजारांहून जास्त. आणखी दोन गोद्यांतही तो सापडला. तो आपल्या विशाखापट्टणमचाच शिंपला होता.

ऑस्ट्रेलियाने तातडीचा धोका जाहीर केला. काही दिवसांतच तिन्ही गोद्यांचे दरवाजे बंद झाले आणि बोटींना बाहेर पडायची मनाई झाली. आधीच्या काही महिन्यांत तिथून निघून गेलेल्या शेकडो बोटींचा किनाऱ्याकिनाऱ्याने माग काढून त्यांचे तळ तपासले गेले. मग पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. शिंपल्याबरोबर गोदीतलं बाकी सगळंही मेलं, मासे, खेकडे, सगळं. किंमत मोठी होती, वीस लाख डॉलरांवर खर्च झाला. पण एप्रिल संपायच्या आत शिंपला नाहीसा झाला होता. रुजलेला सागरी परका जीव पुरता उखडून काढल्याची जगात फार थोडी उदाहरणं आहेत, त्यातलं हे एक.

विशाखापट्टणममध्ये 1967 ला दिसलेल्या जिवाची ओळख छापून यायला 1971 उजाडलं. आपल्या शास्त्रज्ञांत काही कमी नव्हतं, हे इथे ठासून सांगायला हवं. त्यांनी हातात होतं त्या साधनांनी काम चोख केलं, आणि त्या काळी जगात कुठेच अशा जिवांविरुद्ध दरवाजे बंद करायची पद्धत नव्हती. पण डार्विनचा विजय मोरचुदाच्या आधी सहा महिन्यांपूर्वीच्या त्या यादीने मिळवला होता. यादी नसती तर हा शिंपला इथलाच असेल म्हणून कुणीही पुढे गेलं असतं.

अशी एक यादी मुंबईपाशी होती, आणि ती विसाव्या शतकाच्याही आधीची होती. अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी नावाचे गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले गोळा करत. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून इंग्लंडमधले जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी 1893 मध्ये मुंबईच्या कित्येक नव्या जातींची वर्णनं छापली. त्यावर्षी मेलव्हिलनी नाव दिलेल्यांत खडकावर राहणारी एक छोटी, खडबडीत कवचाची मांसाहारी समुद्री गोगलगाय होती. तिच्या नावात त्यांनी कोकण घातलं: कोंकानेन्सिस. ही गोगलगाय शंभर वर्षांनी आपल्या गोष्टीत पुन्हा येते, आणि फार वाईट कारणाने येते.

परक्या आणि देशी जिवांनी तळ धरू नये म्हणून साठच्या दशकानंतर जगभरच्या जहाजांना एक नवा रंग लावला जाऊ लागला. त्यात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं संयुग असे. तांब्यापेक्षा कितीतरी जालीम. रंगातून ते हळूहळू पाण्यात उतरत राही आणि तळावर टेकलेली अळी मरे. जहाजमालक खूश होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी, फुगीर होऊ लागली आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटू लागलं. पाण्यातल्या या विषाचं प्रमाण इतकं अल्प असे की रसायनांच्या चाचणीत ते सहज सापडत नसे, पण गोगलगायीच्या शरीराला ते कळे. मादीच्या अंगावर नराचं इंद्रिय वाढतं, काही जातींत त्याने अंडी बाहेर टाकायची वाट बुजते, आणि अंडी पोटातच राहून मादी मरते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या विश्वकिरण आणि अनिल यांना मुरगावच्या पाण्यात कोंकानेन्सिस गोगलगायीच्या माद्यांमध्ये हीच विकृती आढळली. त्यांचा निबंध 1999 मध्ये छापून आला. कोकणाचं नाव घेऊन जगणारा जीव, मुरगावसारखं लोहखनिजाच्या निर्यातीवर वाढलेलं बंदर, आणि जहाजाचा तळ गुळगुळीत ठेवायचा हट्ट. किंमत त्या गोगलगायीने मोजली. जहाजाने आणलेल्या आगंतुकांचं नुकसान आपण मोजतो, तसं आगंतुकांना मारायच्या औषधाचंही मोजायला हवं. 2001 मध्ये या रंगावर जागतिक बंदीचा करार झाला आणि 2008 मध्ये ती अमलात आली.

आणि आपण फक्त सोसणारेच आहोत असंही नाही. सुएझचा कालवा 1869 मध्ये उघडला तेव्हा मुंबईचं नशीब फळफळलं. युरोप जवळ आला, कापूस वेगाने गेला, काही वर्षांतच प्रिन्सेस डॉकचा पाया घातला गेला आणि 1880 मध्ये ती गोदी खुलीही झाली. त्याच कालव्याने तांबड्या समुद्राचे जीव भूमध्य समुद्रात शिरू लागले. शंभराहून अधिक वर्षं ही रांग चालू आहे आणि त्यात मासे, खेकडे, शंख असे शेकड्यांनी जीव आहेत. त्यातली एक समुद्री गोगलगाय तर आपल्याच बाजूची. इराणचं आखात आणि अरबी समुद्र हे तिचं घर. कवच जाडजूड, शंखाच्या घाटाचं, कडेला ओठासारखी पसरलेली कड. ती 1978 मध्ये तुर्कस्तानच्या दक्षिणेला मर्सिनच्या उपसागरात सापडली. मधल्या टापूत तिचा मागमूस नव्हता, म्हणजे कालव्यातून चालत न येता ती बहुधा तेलवाहू जहाजांच्या पाण्यातूनच उतरली. आज इस्रायल, लेबनॉन, सायप्रस, तुर्कस्तानच्या वाळूत ती ढिगांनी आहे. तिथल्या किनाऱ्यावरचा माणूस तिला पाहून म्हणत असेल, ही कुठून आली? ती आमच्याकडून गेली.

जपानी समुद्रातला रापाना हा मोठा मांसाहारी शंख तर त्याहून भारी. 1947 मध्ये तो काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ आढळला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने तिथल्या कालवांचे थरच्या थर खाऊन संपवले. आज तुर्कस्तान आणि बल्गेरियाचे कोळी त्याच शंखाला जाळ्यांनी ओढून काढतात आणि त्याचं मांस पुन्हा पूर्वेच्या बाजारात, जपानला विकतात. काहींना ही सुखान्त गोष्ट वाटते. मला तसं वाटत नाही. कालवं गेली ती गेलीच.

2000 साली संयुक्त राष्ट्रांनी जहाजांच्या या पाण्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा जगातली सहा बंदरं नमुन्यादाखल निवडली: ब्राझीलचं सेपेटिबा, चीनचं दालियान, इराणचं खार्ग बेट, दक्षिण आफ्रिकेचं साल्डान्हा, युक्रेनचं ओडेसा आणि आपली मुंबई. मुंबई आणि समोरचं जवाहरलाल नेहरू बंदर मिळून पाहणी झाली. ती समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी केली. धक्क्यांचे खांब खरवडले, तळाचा गाळ उपसला, पाणी गाळून पाहिलं, आणि अॅबरक्रॉम्बीच्या काळापासून विखुरलेल्या नोंदींवर एक नवी पद्धतशीर यादी चढली. गावकर, सावंत, अनिल आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये त्यावरच्या लेखाचं शीर्षक दिलं ते साधंच होतं: सागरी जिवांच्या आगमनाचं प्रवेशद्वार, मुंबई बंदर. कारंड्यांच्या फळ्यांपासून इथवर पस्तीस वर्षं गेली होती.

जहाजांच्या पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये झाला, पण पुरेशा देशांनी मान्यता देईपर्यंत तो लागू व्हायला 8 सप्टेंबर 2017 उजाडला. जहाजाने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांवर, दोनशे मीटरहून खोल समुद्रात पाणी बदलावं, आणि पुढे जहाजावर यंत्र बसवून ते शुद्ध करावं, असा त्याचा गाभा. शुद्ध केलेल्या एका घनमीटर पाण्यात पन्नास मायक्रॉनहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असले पाहिजेत. तेरा वर्षं वाट पाहणं समुद्राला परवडणारं नव्हतं.

करार लागू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांतच केरळातल्या अष्टमुडी तलावात अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा आणखी एक शिंपला पसरल्याचं उघड झालं. त्याचं नाव मायटेला. अष्टमुडीत तिसऱ्यांच्याच कुळातल्या शिंपल्यांचा मोठा धंदा आहे. हजारो माणसं पाण्यात उतरून ते वेचतात, आणि जपून वेचण्याबद्दल 2014 मध्ये त्या मासेमारीला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. अशी मान्यता मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी. मायटेला चिखलावर सतरंजीसारखा अंथरला जातो आणि खाली रुतलेल्या देशी शिंपल्यांचा श्वास कोंडतो.

पुढे चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीत, कोसस्तलैयार नदीच्या मुखाशी, तोच जीव आला. एन्नोरला औष्णिक वीज केंद्रं आहेत, कोळशाची जहाजं लागतात. तिथले कोळी आणि इरुळा समाजातल्या बायका चिखलात हात घालून कोळंबी पकडतात. त्यांच्या पायांखालचा चिखल कठीण होऊ लागला, बोटं कवचांनी कापू लागली, कोळंबी मिळेनाशी झाली. त्यांनी या नव्या शिंपल्याला 'काका आळी' हे नाव दिलं, तो कुठून कुठवर पसरला आहे ते अधिकाऱ्यांना दाखवलं आणि हरित लवादापर्यंत प्रकरण गेलं. त्यांच्याकडे छापील यादी नव्हती. पण त्या खाडीत पूर्वी काय होतं आणि काय नव्हतं, हे पिढ्यान्पिढ्या हात घालून त्यांना पाठ होतं, आणि कोकणातल्या प्रत्येक खाडीवर असं पाठ असलेली माणसं आजही आहेत. रत्नागिरीत तिसऱ्या वेचणाऱ्या बायका, मालवणात शिनाणे काढणारे गडी, वसईत आणि उरणला कालवं फोडणाऱ्या कोळणी. कुठल्याही बंदराच्या पाहणीत त्यांना कुणी विचारलं पाहिजे.